आधी तापमान सांगा, मग किंमत

मे महिन्यात मुलुंडमधल्या माझ्या घरी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला गरम लागतं. ॲक्सोलॉटल या मेक्सिकन सॅलमँडरला १६ ते १८ अंशांचं पाणी हवं. २४ च्या वर ते फार दिवस राहिलं की तो खाणं सोडतो, त्याच्या अंगावर बुरशी धरते आणि तो मरतो. एवढं सांगायला दुकानदाराला अर्धं मिनिट लागत नाही. उपनगरातल्या एका दुकानात माझ्यासमोर एका आईच्या हाती पिल्लाची पिशवी दिली गेली, "ताई, माशासारखंच ठेवायचं." ही फसवणूक आहे.

पंख्याने भागतं म्हणणारेही खोटं बोलतात. पंखा पाण्याची वाफ करून थंडावा देतो, आणि आपल्या दमट हवेत वाफच नीट होत नाही. चिलर लागतो, तोही १०-१५ वर्षं, कारण हा प्राणी तेवढा जगतो. शिवाय त्याच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला महिनाभर तरी जातो. म्हणजे टाकी आधी, प्राणी नंतर. मुलाने माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये पाहिला म्हणून रविवारी टाकी आणि प्राणी एकदमच उचलून आणणाऱ्या आईबापांनाही मी सोडणार नाही. मूल हट्ट करणारच. नाही म्हणणं हे तुमचं काम होतं.

त्याच्या मूळ घरी, मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत, १९९८ साली चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ साली ३६. बाजारातले बहुतेक पैदाशीतले असतात, हे मान्य. पण हा प्राणी साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते; जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळ्याची. आणि इथे साधं पक्कं बिल मिळत नाही! अंधेरीतल्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांतून कासवं, सरडे, साप निघतात, ते कोणासाठी येतात?

कंटाळा आला म्हणून पवई तलावात सोडाल, तर त्याच्या कातडीवरची बुरशी इथल्या बेडकांपर्यंत जाऊ शकते. सॅलमँडर मारणाऱ्या अशाच एका बुरशीच्या भीतीने अमेरिकेने २०१६ साली २०१ जातींची आयात थांबवली.

म्हणून दुकानात नोंदणीचे कागद आणि पक्कं बिल मागा. मिळालं नाही तर प्राणी तिथेच ठेवा आणि बाहेर येऊन वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर दुकानाचा पत्ता कळवा.