सुधाकराची पहिली चूक

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आले ते आपल्या बडोद्यातच, १९१९ च्या फेब्रुवारीत. नाटककाराच्या निधनाला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. सुधाकराचा नाश दारूने केला, असेच आपण मुलांना सांगत आलो. नाटक मात्र थोडे निराळे सांगते. भर कोर्टात अपमान होऊन सुधाकराची सनद तहकूब होते आणि त्या मानी पुरुषाला तो सल सोसवत नाही. तळीरामाचा प्याला येतो तो त्यानंतर. जो मान त्याचे भूषण, तोच त्याचे व्यंग ठरला. सिंधूसारखी पत्नी लाभली असता त्याने विसावा शोधला तो तळीरामापाशी. कारण जिच्या नजरेत आपण मोठे, तिच्यापुढे दुबळे दिसणे मानी माणसाला नको असते.

माहेर संपन्न असूनही सिंधूने दळण दळून संसार रेटला, अखेरीस पतीचा अपराधही झाकला. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले. परंतु त्या सोशिकपणाने ना पती वाचला, ना तान्हे बाळ. नायकाच्या दोषाचे मोल त्याच्या माणसांनीच अधिक भरले.

म्हणून मुलांना प्याल्याचे भय घालताना, अपमान घरात बोलून दाखवण्यात कमीपणा नाही, हेही सांगावे.