शोधण्याची मजुरी

जुनी गाडी एकदाची पूर्ण बंद पडली तर परवडते, पण अधूनमधून रुसणारी परवडत नाही. पूर्ण बंद पडलेल्या गाडीतली खराबी जागेवर हजर असते. मेकॅनिक येतो, बघतो, दुरुस्त करतो. अधूनमधून येणारी विजेची खराबी मात्र गॅरेजच्या दारात पोचताच गायब होते. डॉक्टरच्या पायरीवर दाढदुखी थांबावी, तसा हा प्रकार. गाडी मेकॅनिकसमोर दहा वेळा चालू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरापुढे मुकी उभी राहते.

आमच्या शेजारी एक गृहस्थ जुन्या पेट्रोल व्हॅनमधून बेकरीचा माल दुकानांवर पोचवतात. पाव पहाटे भट्टीतून निघतो आणि सातच्या आत दुकानात लागतो. त्यानंतर गेलेला पाव दुकानदार घेत नाही. ही व्हॅन आठवड्यातून एकदोनदा चालू व्हायलाच तयार नसायची. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज. दहा-पंधरा मिनिटांनी तीच गाडी निमूट चालू व्हायची. एका गॅरेजने नवी बॅटरी बसवली. दुसऱ्याने सेल्फ बदलला. खराबी तिथेच होती.

शेवटी वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क उस्तादांकडे गाडी गेली. मी सोबत होतो. त्यांनी काहीही खोलले नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवले, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला सांगितला. बॅटरी आणि इंजिन यांच्यामधली अर्थिंगची वायर ठीक असेल तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. मीटर दोनच्या वर गेले. बॅटरीखालच्या पत्र्यावर जिथे ती वायर बोल्टने कसलेली होती, तिथे गंज धरला होता. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, पुन्हा घट्ट कसला, वर ग्रीस लावले. त्यानंतर तो त्रास झाला नाही.

यात जादू नाही, हिशेब आहे. चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट खेचतो. एवढ्या करंटच्या वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला, तरी एक-दीड व्होल्ट तिथेच जिरतो. गंज वाढला की सेल्फपर्यंत पोचते ते त्याला पुरत नाही. दिव्याला करंट थोडाच लागतो, म्हणून दिवा लख्ख पेटतो आणि आपल्याला वाटते, वीज तर आहे! अशी जोडणी थंडीत, दमट हवेत, खड्ड्यातल्या हादऱ्याने कधी जुळते, कधी सुटते. म्हणून खराबी येते आणि जाते. जुन्या गाड्यांत हे जास्त, कारण आधीच्या मालकांनी हॉर्न, जादा दिवे, टेप यांच्यासाठी मूळ वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी पट्टी गुंडाळून ठेवलेली असते.

आता मुद्द्याचे. उस्तादांनी या कामाचे दीडशे रुपये सांगितले, तर गाडीमालक म्हणाले, “बोल्ट घासायचे दीडशे?” याच मालकांनी बॅटरीचे आणि सेल्फचे हजारो रुपये मुकाट्याने मोजले होते. मला त्यांचा राग आला नाही, कारण आपण सगळे असेच वागतो. हातात नवी वस्तू पडली, बिल मिळाले, तर पैसे देताना आपला हात आखडत नाही. कोणी डोके चालवून वस्तू बदलण्याची गरजच नाही असे दाखवले, तर त्याची मजुरी आपल्याला डोईजड वाटते. मग मेकॅनिकने काय करावे? अर्धा दिवस वायर तपासून दीडशेची घासाघीस ऐकावी, की तासाभरात भाग बदलून त्यावरचे कमिशन घ्यावे? भाग बदलणारे मेकॅनिक आपल्या हिशेबी कंजुषीतून तयार झाले आहेत.

सोनाराला आपण सोन्याचे पैसे वेगळे देतो आणि घडणावळ वेगळी. गाडीच्या कामातही ‘शोधणावळ’ वेगळी असावी, असे माझे मत आहे. यावर कोणी म्हणेल, शोधून काहीच सापडले नाही तर? तर आधीच ठरवून घ्यावे: दोन तास, अमुक रक्कम, आणि काय काय तपासले ते सांगायचे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लॅब पैसे परत देत नाही. अर्थिंग ठीक, टर्मिनल ठीक, रिले ठीक हे कळणे हीसुद्धा कमाई आहे. गाडीमालकानेही आपले काम करावे. गाडी कधी रुसली, गरम होती की थंड, पाऊस होता का, दिवे मंद झाले का, हे वहीत लिहून न्यावे. “कधी कधी बंद पडते” एवढ्यावर कुठलाही उस्ताद काही सांगू शकत नाही.

हे न केल्याने होते काय? न सापडलेली खराबी दुरुस्त होत नाही, ती विकली जाते. कंटाळलेला मालक गाडी काढतो आणि चाचणीच्या दहा मिनिटांत ती गुणी लेकरासारखी चालते. प्रत्येक नवा मालक बहुधा आधीच्यापेक्षा गरीब असतो आणि त्याची रोजी त्या गाडीवर जास्त अवलंबून असते. आपल्या फिकहमध्ये खियार-उल-ऐब आहे: विक्रीआधीपासून असलेला, लपून राहिलेला दोष नंतर उघड झाला, तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला राहतो. हा नियम ज्याला माहीत नाही, त्यालाही एवढे कळते की पहाटे पाच वाजता दगा देणारी गाडी ‘एकदम ओके’ म्हणून गळ्यात मारणे हा व्यवहार नव्हे.

आणखी एक गोष्ट मला सतावते. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले दहावीच्या आगेमागे गॅरेजात लागतात. तिथे ती बघतात की पैसा पाना फिरवण्यात आहे, विचार करण्यात नाही. मग ती पाना फिरवायला शिकतात. साधे मीटर काहीशे रुपयांत येते. पण ते वापरण्याच्या हुनराला गिऱ्हाइकाने मोल दिले, तरच मुलगा ते शिकेल. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोल युनिट भरलेले आहेत. तिथे अंदाजाने भाग बदलणारा टिकणार नाही, शोधणारा टिकेल. त्याला आज दीडशे रुपये जड वाटत असतील, तर उद्या आपल्या गल्लीत शोधणारा कोणी उरला नाही म्हणून तक्रार करू नये.