साठची नोट पाहिलीय कधी?

गोव्याला निघालेल्या गाडीत वडखळपर्यंत एकच विषय असतो, कोण किती खर्च करणार! परवा नाक्यावर वडापाव झाले, हिशोबासाठी मोबाइल निघाले आणि आमच्या ग्रुपमधल्या गोंयकार मित्राने पाकिटातून आजोबांची जुनी नोट काढली. ‘६० एस्कुदो. घ्या, माझं काँट्रिब्युशन!’

बॉस, साठची नोट? पन्नास समजू शकतो, शंभर समजू शकतो. पण ३०, ६०, ३००, ६००? या काय नोटा झाल्या?

तर त्याचं असं आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यातही आधी रुपयाच होता, त्यांच्या भाषेत ‘रुपिया’. नोटा काढायची ‘बांको नासियोनाल उल्त्रामारिनो’ ही लिस्बनची बँक. १९५८ मध्ये पोर्तुगालने रुपिया काढून एस्कुदो आणला. दर ठरला एका रुपियाला ६ एस्कुदो. म्हणजे ३० ची नोट ही जुनी पाचाची, ६० ची दहाची आणि ६०० ची शंभराची! नाव लिस्बनचं, हिशोब मात्र रुपयाचाच. १९५९ च्या या नोटांवर चेहरा कुणाचा? १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा. पण साहेबांचा थाट जेमतेम तीन वर्षं टिकला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग आपला रुपया आला.

नोटांचं ठीक आहे हो, कागद तो. पण गोव्यातल्या कितीतरी लोकांनी याच बँकेत दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीच्या आधीच ते सोनं लिस्बनला रवाना झालं. परत आलं कधी? १९९१ मध्ये! तीस वर्षांनी. तेव्हाची नवी नवरी तोवर आजी झाली असणार. लग्नातल्या बांगड्या सोडवायच्या राहिल्या आणि मधे देशच बदलला.

आपल्याला वाटतं, पैसा म्हणजे बॅलन्सचा आकडा. पण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाकिटातली पाचशेची नोट तीच होती, तिच्यामागचा शब्द तेवढा मागे घेतला होता. एस्कुदो काय, रुपया काय, आपण जपतो तो कुणीतरी दिलेला शब्द.

घरच्या जुन्या ट्रंकेत अशी एखादी नोट किंवा गहाणाची पावती असेल, तर ती कशाची म्हणून आजीला विचारून घ्या. नोट बाद होते, गोष्ट होत नाही. फक्त सांगणारं माणूस असेपर्यंत विचारायला हवी.