ओझ्याखालच्या माणसाचे आरोग्य

एव्हरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या नेपाळच्या खुम्बू खोऱ्याच्या तोंडाशी, लुक्ला येथे, १९६४ साली जी धावपट्टी तयार झाली, ती गिर्यारोहकांच्या सोयीसाठी काढलेली नव्हती. सर एडमंड हिलरी यांना त्या खोऱ्यात शेर्पांसाठी रुग्णालय उभारावयाचे होते. काठमांडूहून पाठीवर सामान वाहून आणावयाचे तर दोन-दोन आठवडे लागत. म्हणून डोंगरउतारावरची शेते विकत घेऊन ती पट्टी तयार करण्यात आली, आणि १९६६ मध्ये ३८४० मीटर उंचीवरील खुंदे गावी रुग्णालय सुरूही झाले. परंतु धावपट्टी एकदा झाली, की तिच्यावर कोणी उतरावे हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. औषधांच्या पेट्यांमागून पर्यटक आले, आणि रुग्णालयासाठी काढलेली वाटच नवे रुग्ण निर्माण करू लागली. खुम्बूतील आरोग्यसेवेचा पुढचा इतिहास बव्हंशी या विसंगतीतून घडलेला आहे.

त्याआधीची स्थिती विसरता कामा नये. १९६३ साली या खोऱ्यात देवीची साथ आली, तेव्हा हिलरींच्या मोहिमेतील मंडळींनी शिखराचा विचार काही काळ बाजूस ठेवून गावोगाव लस टोचली. पण साथीपेक्षाही खोल रुजलेले दुखणे होते ते आयोडीनच्या अभावाचे. हिमनद्यांनी धुऊन काढलेल्या तेथील मातीत आयोडीन जवळजवळ नाही, आणि तिबेटातून याकच्या पाठीवर येणाऱ्या मिठातही ते नव्हते. प्रौढ माणसाच्या गळ्याला गलगंड नसणे हाच तेथे अपवाद होता. याहून भयंकर म्हणजे आयोडीनअभावी गर्भातच मेंदूची वाढ खुंटून मूकबधिर आणि मतिमंद मुले जन्मास येत. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी खुंदे रुग्णालयातून आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने देण्यास आरंभ केला, पुढे आयोडीनयुक्त मीठ आले, आणि एका पिढीच्या अवधीत असे मूल जन्मणे जवळजवळ थांबले. कोणत्याही शिखरविजयापेक्षा ही कामगिरी मोठी आहे. तिची छायाचित्रे मात्र कोणाच्या भिंतीवर लागलेली नाहीत.

ही सेवा दानधर्मातून उभी राहिली, आणि तिची किंमत दात्यांनाही मोजावी लागली. सोलू भागात फाफ्लू येथे दुसऱ्या रुग्णालयाचे काम चालू असताना, ३१ मार्च १९७५ रोजी, तेथे येण्यास निघालेल्या हिलरींच्या पत्नी आणि धाकटी मुलगी काठमांडूजवळच्या विमान अपघातात मृत्यू पावल्या. तरीही काम चालू राहिले. विशेष म्हणजे ते परक्यांच्या हाती राहिले नाही. खुंदे रुग्णालयात आरोग्यसेवक म्हणून काम करणारे कामी तेम्बा शेर्पा फिजी येथे जाऊन वैद्यकीय पदवी घेऊन परतले आणि त्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर झाले. मदतीवर चाललेल्या किती संस्थांना आपला वारस असा गावातच सापडतो?

पर्यटकांचे दुखणे निराळे. पूर्वी काठमांडूहून चालत येणाऱ्या माणसाच्या शरीराला विरळ हवेशी जुळवून घेण्यास पंधरवडा मिळे. लुक्लाच्या विमानाने तो अर्ध्या तासावर आणला आणि प्रवाशाला एकदम २८०० मीटरवर उतरवले. तेथून घाईने वर चढलेल्यांपैकी कित्येकांना डोकेदुखी व वांत्या होत; काहींच्या फुप्फुसांत पाणी साठे किंवा मेंदूला सूज येई, आणि वेळीच खाली न उतरवल्यास ते दगावत. १९७३ साली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली. तिने सुमारे ४२४० मीटरवरील फेरिचे येथे दवाखाना काढला, आणि तेथे केलेली २७८ पदयात्रींची पाहणी १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक लोकांना या विकाराची लक्षणे आढळली. चालत आलेल्यांपेक्षा लुक्लाला विमानाने आलेल्यांत त्यांचे प्रमाण जास्त होते. हळूहळू चढा, बरे वाटेनासे झाले तर वर जाऊ नका, आणखी बिघडले तर तत्काळ खाली उतरा, ही आज सर्वतोमुखी झालेली सूत्रे रूढ करण्यात या दवाखान्याचा मोठा वाटा आहे. तेथे परदेशी रुग्णाकडून पुरेसे शुल्क घ्यावयाचे आणि नेपाळी रुग्णाला नाममात्र पैशांत तपासावयाचे, असा प्रघात आहे. तो न्याय्य आहे.

इथपर्यंतची हकीकत समाधानाचीच आहे. परंतु या वाटेवर शेर्पा आणि पर्यटक यांच्याखेरीज तिसराही एक मनुष्य चालत असतो, आणि त्याच्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. डोंगरातला माणूस म्हणजे शेर्पा, आणि शेर्पा म्हटला की त्याला उंची बाधत नाही, असे पर्यटक गृहीत धरतो. ‘शेर्पा’ हे एका जमातीचे नाव असून हमालाचा प्रतिशब्द नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. विरळ हवेत निभाव लागावा असे जनुकीय बदल तिबेटी वंशाच्या लोकांत झाले असल्याचे २०१० मध्ये संशोधकांनी दाखवले. शेर्पा त्याच वंशाचे. मात्र पर्यटकांच्या पिशव्या वाहणारे पुष्कळसे हमाल राई, तामांग, मगर अशा जमातींचे, खालच्या डोंगरांत भातशेती करणारे आणि हंगामापुरते मजुरीला वर येणारे असतात. पाच हजार मीटरवर त्यांची फुप्फुसे मुंबईच्या कारकुनाइतकीच परकी असतात. फरक एवढाच, की कारकुनाच्या पाठीवर पाण्याची बाटली असते आणि त्यांच्या डोक्यावरील पट्ट्याला, नाम्लोला, भरलेला डोको लटकलेला असतो. २००५ मध्ये ‘सायन्स’ने प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार नामचेच्या बाजाराकडे माल नेणारे पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या नऊदशांशांहून अधिक ओझे वाहत होते. पर्यटकांच्या हमालावर ३० किलोंहून अधिक भार टाकू नये हा दंडक मान्य झालेला आहे. तो पाळला जातो की नाही, हे मात्र जो तो आपल्या सोयीने पाहतो.

१९९७ साली नेपाळात एक तरुण हमाल पर्यटकांचे ओझे वाहताना विरळ हवेने आजारी पडला. त्याची मजुरी चुकती करून त्याला एकट्याने खाली धाडण्यात आले, आणि तो वाटेतच मेला. त्याच आजाराच्या पर्यटकाला कोणी एकटे पाठवले नसते. या मृत्यूनंतर हमालांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला, आणि गोक्योच्या वाटेवर माछेर्मो येथे हमालांसाठी निवारा आणि दवाखाना उभा राहिला. तोवर कित्येक हमाल खडकांच्या कपारीत रात्र काढीत, कारण धर्मशाळेतील जागा गिऱ्हाइकांसाठी असे. हा निवाराही दानातूनच झाला. मजुराला थंडीचे कपडे, निवारा आणि औषध देणे हे मालकाचे कर्तव्य, ही गोष्ट दात्यांना करून दाखवावी लागावी, यातच या धंद्याची परीक्षा होते.

आज चित्र आणखी विपरीत झाले आहे. आकाशात हेलिकॉप्टरांची घरघर थांबत नाही. विमा असलेल्या पर्यटकाचे डोके दुखले तरी त्याला उचलून काठमांडूच्या रुग्णालयात नेतात, आणि काही हजार डॉलरचे बिल विमा कंपनीकडे जाते. या सोयीने प्राण वाचतात, हे निर्विवाद. पण २०१८ साली असे उघडकीस आले, की गरज नसताना पर्यटकांना हेलिकॉप्टरने उतरवून वाटाड्यापासून रुग्णालयापर्यंत सर्वांनी दलाली वाटून घेण्याचे प्रकार सर्रास होत आहेत. पर्यटक आजारी पडावा म्हणून त्याच्या अन्नात खाण्याचा सोडा मिसळल्याचेही आरोप झाले. सरकारला चौकशी करावी लागली आणि विमा कंपन्यांनी संरक्षण काढून घेण्याची धमकी दिली. एकीकडे निरोगी माणसाला रुग्ण ठरवण्यात पैसा आहे. दुसरीकडे खरोखरच आजारी असलेला हमाल पायी उतरतो, कारण त्याच्या नावावर बिल फाडता येत नाही.

राज्यसंस्थेची भूमिका याहून उजळ नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी खुम्बूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले, तेव्हा सरकारने प्रत्येक कुटुंबास तातडीची मदत जाहीर केली ती ४० हजार नेपाळी रुपयांची. परदेशी मोहिमांकडून परवान्यापोटी जे शुल्क घेतले जाते, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहताच शेर्पांचा संताप उसळला आणि त्या हंगामातील चढाई बंद पडली. त्यानंतर उंचावरील कामगारांच्या विम्याची रक्कम १० लाखांवरून १५ लाखांवर गेली. हक्क मिळाला तो संघटित आणि जगाला नावाने ठाऊक असलेल्या शेर्पांना. त्यांनी तो झगडून मिळवला, यात त्यांचा दोष काहीच नाही. पण लुक्लाच्या फाटकाशी मुकादमाने रोजावर उभा केलेला राई किंवा तामांग मजूर कोणाच्या नोंदवहीत असतो? तो मेला तर मालक कोण, हेच ठरवता येत नाही. म्हणून नोंद ही पहिली गोष्ट आहे. उद्यानाच्या नाक्यावर प्रत्येक पर्यटकाचा परवाना तपासला जातो. त्याच टेबलावर त्याच्या हमालाचे नाव, ओझ्याचे वजन आणि विम्याचा क्रमांक लिहून घेण्यास कोणतीही नवी यंत्रणा लागत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रास परका नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले, त्यानंतर मराठी मध्यमवर्गाची या वाटेवरील ओढ वाढतच गेली. आता शाळा-कचेऱ्यांतील मंडळीही रजा साठवून पायथ्याच्या तळापर्यंत जातात. सह्याद्रीत स्वतःचे ओझे स्वतः वाहण्याची शिस्त ज्यांनी लावून घेतली, त्यांनाही तेथे हमाल घ्यावा लागतो, आणि त्यात गैर काही नाही. त्या मजुरीवर खालच्या गावांतील चुली पेटतात. पण सहल ठरवताना सर्वांत स्वस्त कंपनी कोणती याचीच चौकशी होते. दर उतरतो तो बहुधा एकाच ठिकाणी: दोन हमालांचे ओझे एकावर येते, त्याचा विमा वगळला जातो, आणि आजारी पडल्यास त्याला खाली कोणी न्यावयाचे हे कोठेच लिहिलेले नसते. पैसे भरण्यापूर्वी गिऱ्हाइकाने हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखी मागावे. ज्या कंपनीला ते देता येणार नाही, तिचा दर कमी का, हे मग वेगळे विचारावे लागणार नाही.