नाकाचा दोष, शेपटीला शिक्षा

आमचा एक मित्र स्टुटगार्टला असतो. काम आमच्यासारखंच, कोड पाडण्याचं. पण पै पै साठवून त्याने सेकंडहँड पोर्शे ९११ घेतली (९९७ कॅरेरा), आणि आता जमेल तेव्हा स्वारी हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर. गेल्या भेटीत मीही शेजारच्या सीटवर बसलो. हौस!

त्याची तक्रार एकच : अंडरस्टिअर. हेअरपिनला हा स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी आपली सरळच. मग साहेबांनी मागचा अँटी-रोल बार कडक केला. पुढची चाकं घसरतात ना, मग मागचीही थोडी घसरू देत, झाला समतोल!

हेअरपिन खरंच सुधारलं. पण पुढे एका वेगवान वळणात हा जरा बिचकला आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला. शेपूट सुटलं, एक गिरकी, आणि आम्ही थेट खडीत. गाडीला ओरखडाही नाही, पण दोघंही बराच वेळ गप्प. घरी तीन वर्षांची मुलगी आहे त्याची.

९११चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर, त्यामुळे नाक हलकं आणि वळायला आळशी. पण पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची पकड कमी होते, आणि ते वजन लंबकासारखं बाहेर झुलतं. हे खुद्द पोर्शेलाही छळत होतं. १९६३ साली लोकांसमोर आलेल्या ह्या गाडीची मागची चाकं १९६९च्या मॉडेलपासून ५७ मिलिमीटर मागे सरकवली, इंजिन मात्र जागच्या जागी. रस्त्यावरच्या गाडीत कंपनी थोडं अंडरस्टिअर मुद्दाम ठेवते, कारण घाबरलेला माणूस आधी पायच उचलतो.

म्हणून माझं मत : मागची पकड घालवून मिळवलेला समतोल हा समतोलच नव्हे. टेस्ट फेल होते म्हणून ती कॉमेंट करून टाकण्यातला प्रकार आहे हा. पकड वाढवायची तर पुढची वाढवा.

आधी पाय. वळताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडला की भार पुढच्या चाकांवर टिकतो आणि नाक आत येतं. मग टायरमधली हवा, तीही टायर गरम असताना मोजलेली. मग पुढचा निगेटिव्ह कॅम्बर, ट्रॅकसाठी अडीच अंशांच्या आसपास. बार सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच बदल, वहीत लिहून! ऑफिसात हे ज्युनिअरला शिकवणारे आपण, रविवारी चार गोष्टी एकदम फिरवतो.

मित्र म्हणाला, "अरे, पाय शिकायला वर्ष जाईल. पाना दहा मिनिटांत फिरतो." खरंय. पण बिचकलेल्या क्षणी पाना कामाला येत नाही, पायच येतो.

संध्याकाळी त्याने बार मुकाट्याने पूर्ववत केला. असो. पुढच्या वेळी मी बसेन की नाही, ते अजून ठरलेलं नाही :-)