हाती जास्त, फंडात कमी

राहात्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान शिर्डीतल्या एका लॉजवर हिशेबनीस आहेत. पगार वीस हजार. मालकांनी यंदा पगार तेवढाच ठेवून त्याची फोड मात्र बदलली. मूळ पगार १४,००० होता, तो १०,००० केला आणि वरचे ४,००० ‘विशेष भत्ता’ म्हणून दाखवले. घरभाडे ४,००० आणि प्रवासभत्ता २,००० होते तसेच. आता हाती ४८० रुपये जास्त येतात. “मग यात वाईट ते काय? हे म्हणतात, मिळतंय ते घ्यावं,” असे त्या विचारतात.

वाईट आहे हो, बाई! फंड कापतात तो मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर, १२ टक्के. तेवढेच पैसे मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे. १४,००० वर मालकाचा वाटा होतो १,६८० रुपये, १०,००० वर १,२००. म्हणजे हाती आलेले ४८० तुमचेच, फंडात जायचे ते. आणि मालकाचे ४८० राहिले मालकाच्या गल्ल्यात! फंडाला महिन्याला ९६० ची खोट, वर्षाला ११,५२० ची. व्याज आणखी वेगळे.

खरी मेख पेन्शनीत आहे. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनीकडे जातात. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी काढायची, नोकरीच्या वर्षांनी गुणायची आणि ७० ने भागायचे. चौदा वर्षे नोकरी धरली तर १४,००० वर महिना २,८०० बसतात, १०,००० वर २,०००. नोकरीत असताना यजमानांचे काही बरेवाईट झाले तर बायकोला मिळणारी पेन्शन आणि विम्याची रक्कमसुद्धा याच पगारावरून ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ ‘ह्यांचा’ नाही.

अशी फोड चालते का? २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील विवेकानंद विद्यामंदिर या शाळेच्या खटल्यात सांगितले, की जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो, जादा कामासाठी म्हणून नव्हे, तो फंडासाठी मूळ पगारातच धरायचा. नुसते नाव बदलून सुटका नाही. घरभाडे भत्ता मात्र कायद्यानेच वगळलेला आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारात मिळवायचा, असे आहे.

ज्यांचा मूळ पगार मोठा आहे त्यांनी घाबरू नये. सप्टेंबर २०१४ मध्ये फंडाची पगारमर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली. मालक तेवढ्याच रकमेवर वाटा भरत असेल, तर मर्यादेच्या वरच्या फोडीने त्यात फरक पडत नाही. फटका बसतो तो लॉज, दुकान, खासगी शाळा अशा ठिकाणच्या मध्यम पगाराला.

काही जणी यजमानांना आपण होऊन जादा फंड कापून घ्यायला लावतात. सवय उत्तम! पण ते पैसे आपले. मालकाने त्यावर तेवढेच घालावे असे बंधन नाही, आणि ते दाखवून त्याला आपला वाटाही टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियात ही पळवाट होती. नोकराने पगारातून सोडलेली रक्कम मालक आपल्या वाट्यात धरू शकत असे. १ जानेवारी २०२० पासून ती बंद झाली.

आता करायचे काय? पगाराची चिठ्ठी आणि फंडाचे पासबुक शेजारी ठेवा. पासबुक मोबाईलवर ‘उमंग’मध्ये दिसते. मालकाचा वाटा तिथे दोन रकान्यांत असतो, फंड आणि पेन्शन, त्यांची बेरीज करा. ती बाराने गुणून मालकाला विचारू नका, आधी चार सहकारी मिळून लेखी अर्ज द्या. एकट्याने गेले की माणूस डोळ्यांवर येतो. उत्तर आले नाही तर फंडाच्या कार्यालयाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. “फंड वाढवतो, पण माझा वाटा तुझ्या पगारातून कापतो,” असे कोणी म्हणाले तर तेही कायद्यात बसत नाही, हे यजमानांना सांगून ठेवा.

आणि पासबुक उघडलेच आहे तर वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे तेही पाहा. लग्नाआधी लावलेले नाव लग्नानंतर चालत नाही, नवे लावावे लागते.