वाटाड्या नको, शिबिरप्रमुख म्हणा



सुट्ट्या लागल्या की शहरातून निसर्ग शिबिरं आपल्या डोंगरात येतात. पुढं चालतो आपला पोरगा. कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी टिकतं, शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर, सगळं तोच दाखवतो. पण कागदावर तो 'वाटाड्या'. तेच झाड बघून पुस्तकातलं नाव सांगणारा 'शिबिरप्रमुख'. त्याला मानधन, आपल्याला रोजाची मजुरी.

शहरातल्या माणसांशी आमचं भांडण नाही, त्यांच्यातही जंगलावर जीव लावणारे आहेत. पण 1991 साली सुप्रीम कोर्टानं पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात शिकवा असं सांगितलं. म्हणजे शिकवणारी माणसं लागणार. ती आपल्यातली का नकोत?

शिक्षण कमी, असं उत्तर येतं. दार्जिलिंगला 1954 साली गिर्यारोहण संस्था निघाली. तिथं प्रत्यक्ष डोंगरावरच्या शिक्षणाचा प्रमुख होता तेनसिंग नोर्गे. एव्हरेस्ट चढलेला, पण लिहायला-वाचायला न शिकलेला. देशाला तो गुरू म्हणून चालला!

आपल्या म्हातारीला विचारा. शेवळाच्या भाजीत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो. कडूकंद उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्याबिगर खायचा नाही. हे ज्ञान नाही तर काय? पण शिबिरात तिला बोलावतात ते चुलीवरच्या भाकरी थापायला.

तरीपण जंगल ठाऊक असणं वेगळं अन् परकी चाळीस पोरं सांभाळणं वेगळं. दोराच्या गाठी, प्रथमोपचार, पावसात धबधब्याखाली कुणाला जाऊ न देणं, हे शिकावंच लागतं. उत्तरकाशीच्या संस्थेत 28 दिवसांचा बेसिक कोर्स आहे. त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स्ड, अन् मग शिकवायचं कसं याचा कोर्स. आपली पोरं-पोरी दमात कमी पडणार नाहीत. अडतं ते फी, बूट अन् रेल्वेभाड्यापाशी. आदिवासी विकासाचा पैसा कशासाठी असतो? हा खर्च प्रकल्प कार्यालयानं द्यावा, ही आपली मागणी.

आता जमिनीचं. 1985 ला भीमाशंकर अभयारण्य झालं. अभयारण्य म्हटलं की हिरडा, लाकूडफाटा, गुरं, सगळ्याला परवानगी आडवी येते. बापानं कसलेला प्लॉट 'अतिक्रमण', अन् त्याच बांधावर पोरगा गणवेश घालून पाहुण्यांना जंगल दाखवणार? प्लॉट सोडा, पोराला गाईड करतो, असं कुणी बोललं तर सरळ नाही म्हणा. नोकरी हा जमिनीचा मोबदला नव्हे. पोरगा उद्या साहेबाच्या मर्जीतून उतरला की दोन्ही गेलं.

शिबिरं किती यावीत, गावाला काय द्यावं, कुठल्या देवराईत पाय ठेवू नये, हे गावाच्या बैठकीत ठरावं. आणि आपल्या पोरांनी शेकरू दाखवताना हिरडा कोण वेचतं, त्याचा भाव कोण पाडतं, तेही शहरातल्या मुलांना सांगावं. तेही पर्यावरणच आहे.

ज्यांना हे काम शिकायचंय त्यांची नावं पाड्यापाड्यावर लिहून घ्या. पोरींची आधी, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. तालुक्याच्या बैठकीला येताना यादी अन् ठराव दोन्ही आणा.